फर्माईशीचा एक तास: सीमाभागातल्या एका गाण्यांच्या कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

"अक्का, माझं नाव घेऊ नकासा, खरं गावाचं नाव घ्या."

गावच्या सामुदायिक रेडिओच्या फोनवर असा मेसेज येतो. खाली गाण्याची पहिली ओळ आणि गाव. बेळगाव-खानापूर पट्ट्यात 'खरं' म्हणजे 'पण'. मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. तिला गाणं हवं आहे, आपल्या गावाचं नाव रेडिओवर ऐकायचं आहे, स्वतःचं नाव मात्र नको आहे. ते का नको, हे समजून घेतलं की गाण्यांच्या कार्यक्रमाचा तरुणांवर परिणाम नेमका कुठून होतो ते दिसायला लागतं. गाणं आजकाल कुठूनही मिळतं. मुलांच्या मनावर आणि जिभेवर उमटतं ते दोन गाण्यांच्या मधलं बोलणं.

या प्रकरणातलं केंद्र नकाशावर शोधू नये. सीमाभागात तरुणांसाठी गाण्यांचा कार्यक्रम चालवताना जे जे अडतं, ते एका केंद्रावर एकत्र आणून हे प्रकरण बांधलं आहे. केंद्र सामुदायिक, प्रक्षेपक ५० वॅटचा, गाव बेळगाव आणि खानापूरच्या मधलं. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते सात फर्माईशीचा कार्यक्रम. निवेदक दोन, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. सुरुवातीला फोन थांबत नाही. पाच-सहा महिन्यांत मात्र चित्र बदलतं: मेसेज त्याच त्या नंबरांवरून येऊ लागतात, मुलींची नावं जवळपास बंद होतात, गावातली वडीलधारी माणसं केंद्राच्या समितीकडे तक्रार घेऊन येतात, आणि निवेदक असं बोलायला लागतात की त्यांच्या घरच्यांनाही आवाज ओळखू येत नाही.

आधी या भागाचा कान कसा घडला ते बघायला हवं. बेळगावात बसून रेडिओ लावणाऱ्या मराठी माणसाला एकाच संचावर दोन दिशांची दोन राज्यं मिळत होती. आकाशवाणी धारवाड १९५० पासून, ७६५ किलोहर्ट्झवर, सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. आकाशवाणी सांगली १९६३ पासून, १२५१ किलोहर्ट्झवर, एकशे दहा किलोमीटर. धारवाडचा प्रक्षेपक दोनशे किलोवॅटचा, सांगलीचा वीसचा. त्यामुळे धारवाड दुपारीही खणखणीत लागायचं आणि सांगलीसाठी संच फिरवावा लागायचा. मध्यम लहरींचा अँटेना म्हणजे संचाच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी. तिची लांब बाजू केंद्राच्या दिशेला काटकोनात आली की आवाज सर्वांत मोठा. सांगली बेळगावच्या उत्तरेला, म्हणून संचाचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून ठेवायचं. रात्री वातावरणात उंचावर असलेला, दिवसा रेडिओ लहरी शोषून घेणारा थर विरला की लांबची केंद्रं आत घुसायची आणि सांगलीवर कुणीतरी अनोळखी भाषेत बोलायला लागायचं. इतक्या खटपटीने ऐकलेलं मराठी निवेदन माणूस विसरत नाही. आणि धारवाडमुळे कन्नड भावगीतं, दासरपदं (कन्नड संतकवींची भक्तिगीतं) आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज मराठी घरांत कुणी मुद्दाम न आणता आला. हा कान दुहेरी आहे. कार्यक्रम आखताना हे विसरलं की पुढच्या चुका होतातच.

आता तक्रारीकडे. वडीलधाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: ही धांगडधिंग्याची गाणी बंद करा, अभंग, भावगीतं, नाट्यपदं लावा, मुलांना वळण लागेल. समितीतल्या दोघातिघांना ते पटलंही.

हा प्रयोग देशाच्या पातळीवर एकदा होऊन गेला आहे. बी. व्ही. केसकर १९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लागली. हेतू शास्त्रीय संगीताला जागा देण्याचा होता. तरुणांनी मात्र काटा लघुलहरींवर नेला. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली होती आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज ऐकायला घराघरांत, हॉटेलांत माणसं गोळा होऊ लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारला ती गाणी परत आणावी लागली. त्या काळी संचावर केंद्रं मोजकी होती, तरी बंदी टिकली नाही. आज मुलांच्या हातात फोन आहे. समितीने बंदी घातली असती तर मुलं दोन मिनिटांत निघून गेली असती, आणि त्यांच्याबरोबर आपल्या गावाचं बोलणंही त्यांच्या कानावरून गेलं असतं. म्हणून पहिला निर्णय: गाण्यांच्या प्रकारावर बंदी नाही. शिवी किंवा जातीवर, बाईवर उघड चिखल असलेलं गाणं तेवढं लावायचं नाही, आणि ते लावणार नाही असं मागणाऱ्याला फोन करून सांगायचं.

वडीलधाऱ्यांची तक्रार गाण्यांबद्दल होती, पण त्यांना बोचत होतं ते वेगळंच होतं. ध्वनिमुद्रणं काढून ऐकली तेव्हा ते कळलं. प्रसारण तीन महिने जपून ठेवायची अट परवान्यातच असते, त्यामुळे ती काढणं सोपं होतं. एका तासात बारा गाणी, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं संपली. उरलेली बारा मिनिटं तेरा तुकड्यांत वाटली तर प्रत्येक तुकडा पंचावन्न सेकंदांचा. त्यातली चाळीस सेकंदं नावांची यादी: अमुक गावाहून अमुक, अमुक आणि अमुक. एक नाव आणि गाव म्हणायला दोन सेकंद लागतात, म्हणजे वीस नावं. उरलेल्या पंधरा सेकंदांत निवेदक काय बोलणार? मग तो शहरातल्या खासगी एफएमसारखं बोलतो, कारण भरधाव बोलण्याचा तोच नमुना त्याच्या कानात आहे. "हाय फ्रेंड्स, वीकेंड मूड ऑन आहे ना, सो लेट्स रॉक." हे वाक्य कोल्हापुरात, पुण्यात किंवा नागपुरात कुठेही चालेल. म्हणूनच ते इथं चालू नये.

नावांच्या यादीतलं दुखणं जास्त गंभीर होतं. फर्माईशीच्या कार्यक्रमात आपलं नाव ऐकू येणं ही जुनी गोडी आहे. झुमरी तलैया हे गाव सगळ्या देशाला तिथून जाणाऱ्या फर्माईशींच्या पत्रांमुळेच माहीत झालं. पण सिलोनवर किंवा विविध भारतीवर नाव आलं तर ऐकणारे हजारो मैल पसरलेले असत. ५० वॅटच्या केंद्राचे ऐकणारे दहा-बारा किलोमीटरच्या आत राहतात, एकाच बसने कॉलेजला जातात. मुलाने मुलीच्या नावाने मेसेज पाठवायचा, किंवा "अमकीसाठी अमक्याकडून" असं आद्याक्षरांत लिहायचं, निवेदकाने भोळेपणाने वाचायचं. सोमवारी सकाळी बसथांब्यावर त्या मुलीला ते गाणं म्हणून दाखवलं जातं. ही गोष्ट घरी कळली की फोन काढून घेतला जातो, कधी कॉलेजही धोक्यात येतं. त्या मुलीने तो कार्यक्रम ऐकलेलाही नसतो. 'नाव घेऊ नकासा'चा उलगडा इथं आहे. गाण्याने मुली बिघडतील या भीतीत असलेल्या समितीला केंद्राने स्वतःच मुलींना अडचणीत आणलं आहे हे ऐकणं जड गेलं.

म्हणून नियम असे ठरले. केंद्राचा फर्माईशीचा फोन वेगळा, तो केंद्राबाहेर जात नाही, निवेदकांच्या हातात दिला जात नाही. एक मोठी व्यक्ती, शक्यतो बाई, शुक्रवारी संध्याकाळपर्यंतचे मेसेज वहीत उतरवते. निवेदकाला वही मिळते, त्यात नंबर नसतात. आडनाव, गाव आणि कॉलेज ही तिन्ही एकत्र कधीच वाचायची नाहीत. मुलगी असो वा मुलगा, पाळायचं एकच: पहिलं नाव आणि गाव, किंवा टोपणनाव आणि गाव, किंवा नुसतं गाव. नव्या नंबरावरून नाव आलं तर वाचण्याआधी उलट फोन करून खात्री करायची. व्यक्तीच्या नावाने गाणं अर्पण करणं पूर्ण बंद. अर्पण करायचंच तर कामाला किंवा जागेला: सुगीला खळ्यावर असलेल्यांना, शेवटच्या बससाठी थांबलेल्यांना, शहापूर-वडगावात मागावर बसलेल्यांना. आणि एका वेळी सहापेक्षा जास्त नावं घ्यायची नाहीत.

यातली एक अडचण आधीच सांगून ठेवतो. उलट फोन करताना फोन घरातला कुणीतरी मोठा उचलतो. "रेडिओवरून बोलतोय, तुमच्या मुलीनं गाणं मागितलंय," असं म्हटलं की खात्री करण्याच्या नावाखाली आपणच चहाडी केली. म्हणून फोन बाईनेच करायचा, "फर्माईशीची वही तपासतोय, या नंबरावरून कुणी गाणं सांगितलं होतं का?" एवढंच विचारायचं, नाव आपण उच्चारायचं नाही. समोरून नाव आलं नाही तर नुसतं गाव वाचायचं.

मग तासाची नवी मांडणी केली. गाणी बारावरून नऊ, मिळून साडेसदतीस मिनिटं. सुरुवात दीड मिनिट, शेवट एक मिनिट. नऊ गाण्यांमध्ये आठ फटी येतात. त्यातल्या पाच फटी एकेका मिनिटाच्या, दोन तीन-तीन मिनिटांच्या, आणि एका फटीत ऐकणाऱ्याच्याच आवाजातलं चार मिनिटांचं आधी ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं. जाहिराती, केंद्राची ओळख आणि सूचना मिळून चार मिनिटं. एक मिनिट हाताशी, कारण कुठलं ना कुठलं गाणं लांबतंच. बेरीज साठ. तीन गाणी कमी केल्यावर मुलं नाराज होतील अशी भीती निवेदकांना होती. त्यावर उपाय सोपा आहे: ज्या गाण्यासाठी जास्त मागणी आली पण जागा मिळाली नाही, त्याचं नाव सांगून पुढच्या शनिवारी पहिलं लावायचं आणि शब्द पाळायचा.

तीन मिनिटांच्या फटीत काय बोलायचं, हा खरा कसाचा भाग. सीमाभागातल्या मराठी मुलाची भाषा तीन कप्प्यांत वाटली गेली आहे. घरी 'काय करूलालास', शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी, टीव्हीवर पुण्या-मुंबईची मराठी. बाहेर, बसच्या पाटीवर आणि कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. आपल्या वयाचं कुणीतरी आपल्यासारखं मराठी चारचौघांत, मोठ्याने, न लाजता बोलतंय, हे त्याला ऐकायला मिळण्याच्या जागा फार थोड्या उरल्या आहेत. अशा वेळी निवेदकाने आपली बोली झाकली तर ऐकणारा नकळत शिकतो की ही बोली घरापुरतीच. आम्हाला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत खोल परिणाम हाच वाटतो, आणि तो भल्या बाजूलाही वळवता येतो.

निवेदकांना सांगितलं ते एवढंच: मायक्रोफोनसमोर बसताना समोर एक ओळखीचं माणूस धरा, मामा, आज्जी, मागच्या बाकावरचा मित्र, आणि त्याच्याशी बोला. लिहून आणायचं ते मुद्दे, वाक्यं नाहीत. नोव्हेंबरातल्या एका शनिवारचा तुकडा मग असा होतो: "कुठं बसून ऐकतासा? भात झोडपून झालं काय? झालं नसलं तर रेडिओ खळ्यावरच न्या की. खरं आवाज जरा बेतानं ठेवा, शेजारच्या खळ्यावर आज्जीचा डोळा लागलाय." या तुकड्यात उपदेश नाही, माहितीही नाही. ऐकणारा मुलगा खळ्यावरच बसलेला असतो, आणि रेडिओला ते ठाऊक आहे, हे त्याला कळतं.

बोलीचा अतिरेकही होतो. सहा कार्यक्रमांनंतर मुलगा निवेदक गावरान सोंग करायला लागला, मुद्दाम 'आयला-मायला', मुद्दाम हेल काढून. ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती आधी कळते, कारण आपली टिंगल होतेय असं त्यांना वाटतं. कसोटी अशी लावावी: हेच वाक्य तू घरी आईशी असंच बोलशील का? नसशील तर काढून टाक.

ऐकणाऱ्याच्या आवाजातली चार मिनिटं मिळवणं अवघड जातं. फोन पुढे धरला की मुलं गप्प होतात किंवा भाषण करतात. 'रेडिओबद्दल काय वाटतं' असं विचारू नये. 'हे गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलंस?' असं विचारावं. मग लग्नाची वरात निघते, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला चित्ररथ निघतो, आजोबांच्या संचावरचं कापडी झाकण निघतं. दहा मिनिटं बोलू द्यावं, त्यातली चार ठेवावी. ध्वनिमुद्रण खोलीच्या मध्यभागी करू नये. कोपऱ्यात गोधडी टांगून, तोंडापासून एक वीत अंतरावर माइक धरून करावं. पंखा बंद. आणि खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर पत्र्यावरच्या पावसात माणसाचा आवाज टिकतच नाही, म्हणून पावसाळ्याचे आठ-दहा तुकडे मे महिन्यातच घेऊन ठेवावे लागतात.

कन्नड गाण्यांवर समितीत सर्वांत कडाक्याचा वाद झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या माणसाला भाषेचा प्रश्न जिव्हारी लागलेला आहे, १ नोव्हेंबर इथं मराठी माणूस काळा दिन म्हणून पाळतो, आणि मराठीसाठी हक्काने मिळालेल्या एका तासात कन्नड कशाला, हा प्रश्न मनापासून विचारलेला होता. त्याला उडवून लावणं योग्य नव्हतं. पण फर्माईशीची वही वेगळं सांगत होती. मराठी घरातली मुलंच उत्तर कर्नाटकातली जानपद गाणी, म्हणजे कन्नड लोकगीतं, मागत होती, कारण वरातीत ती त्यांच्यावर नाचलेली होती. गदग जिल्ह्यात जन्मलेले भीमसेन जोशी मराठी अभंगही गायले आणि कन्नड दासरपदंही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना मराठी माणूस आपलाच मानतो. ठरलं असं: निवेदन संपूर्ण मराठीत राहील, त्यात तडजोड नाही. गाणं मागणाऱ्याचं जे असेल ते. कन्नड गाणं लावलं तर त्याआधी दोन वाक्यांत त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. हे शेवटचं कलम सगळ्यांना पटलं आणि पुढे तेच लोकप्रिय झालं, कारण ज्या गाण्यावर मुलं नाचत होती त्याचा अर्थ अनेकांना ठाऊकच नव्हता. अर्थ कळल्यावर काहींनी ते गाणं मागणं सोडलं, काहींनी आणखी मागितलं. वडीलधाऱ्यांना जी निवड मुलांवर लादायची होती ती मुलांनी अशी आपणहून थोडीफार केली.

तांत्रिक बाजूतल्या दोनच गोष्टी इथं महत्त्वाच्या. पहिली, मुलं ऐकतात कशावर. फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर हाच अँटेना असतो. ९० मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी ३.३ मीटर, तिचा चौथा हिस्सा ८३ सेंटिमीटर, आणि वायर साधारण मीटर-सव्वा मीटर, म्हणून ती बऱ्यापैकी जमते. वायर गुंडाळून खिशात ठेवली की खरखर. वायर नसलेले इअरफोन घेतले की एफएम बंदच, आणि मुलं समजतात केंद्र बंद पडलं. हे दर शनिवारी एका वाक्यात सांगावं लागतं. डोंगराआडच्या गावांत, जांबोटीच्या बाजूला, तसंही पोहोचत नाही. एफएमची लहर डोंगर ओलांडत नाही, आणि सामुदायिक केंद्राला साधारणपणे अँटेनाचा जोर धरून १०० वॅट प्रभावी शक्ती आणि अँटेनाची ३० मीटर उंची यांच्या पुढे जाता येत नाही. तिथल्या मुलांना कार्यक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मोह होतो. गाण्यांसकट पाठवू नये. पीपीएल (ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) यांच्याकडून घ्यायची परवानगी प्रसारणासाठी असते, फाईल वाटण्यासाठी नाही. गाणी कापून नुसतं निवेदन आणि ऐकणाऱ्याची चार मिनिटं पाठवावी. गंमत म्हणजे नुसत्या बोलण्यालाही मागणी येते.

दुसरी, आवाजाची पातळी. वेगवेगळ्या ठिकाणची गाणी एकामागोमाग लावली की एक कुजबुजतं आणि दुसरं अंगावर येतं. ऐकणारा आवाज कमी करतो, आणि मग निवेदन त्याला ऐकूच येत नाही. सगळी गाणी आधीच एका पातळीला आणावी. आम्ही −१६ एलयूएफएस धरतो (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं हे एकक). निवेदकाचा आवाज गाण्याच्या बरोबरीने किंवा किंचित वर ठेवावा. कधीच खाली नको.

परिणाम मोजायला मोठी पाहणी लागत नाही, वहीतच चार रकाने वाढवायचे: या आठवड्यात किती वेगळे नंबर, किती वेगळी गावं, किती जणींनी नुसतं गाव वाचा म्हटलं, आणि गाणं कोणत्या भाषेतलं. चौथ्या महिन्यात तिसऱ्या रकान्याकडे बघावं. नुसतं गाव सांगणाऱ्यांतल्या काही जणी टोपणनाव देऊ लागल्या तर भरवसा बसतोय असं समजावं. उलट झालं तर कुठेतरी पुन्हा कुणाचं नाव फुटलं आहे. त्या आठवड्याचं ध्वनिमुद्रण लगेच ऐकावं.

निवेदक दोन वर्षांत जातात, कुणी पुण्याला नोकरीला, कुणी बेंगळुरूला. म्हणून नवी जोडी जुन्या जोडीबरोबर आठ शनिवार बसते: पहिले तीन नुसती वही सांभाळायची, पुढचे तीन एका मिनिटाच्या फटी, शेवटचे दोन लांब फटी. हातात दिली जाते ती फर्माईशीची वही. तिच्या पहिल्या पानावर गावांची नावं आहेत, बसच्या पाटीवर असतात तशी नाहीत, गावातली माणसं उच्चारतात तशी, आणि प्रत्येक नावापुढे ते त्या गावच्या कोणत्या माणसाकडून ऐकून घेतलं त्याची नोंद.